कांद्याचं खळं, नऊ कॅमेरे आणि गेटवरचा नंबर : कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

सीसीटीव्ही बसवायचं काम, विंचूर रोडचं, लासलगावच्या अलीकडे. कांदा व्यापाऱ्याचं खळं, एक भुईकाटा, एक लोडिंग शेड, मागे कांदा साठवायच्या दोन चाळी, पुढे ऑफिस. आधीचे आठ अ‍ॅनालॉग कॅमेरे आहेत, दोन मेगापिक्सलचे, आठच्या आठ २.८ एमएम लेन्सचे, म्हणजे सगळीकडून सगळं दिसतं आणि कामाचं काहीच दिसत नाही. ऑगस्टमध्ये एक पिकअप रात्री जास्तीच्या गोण्या भरून निघून गेली, पोलिसांनी नंबर मागितला, फुटेजमध्ये पांढरी पिकअप दिसते आणि नंबरप्लेटच्या जागी पांढरा ठिपका. पांढऱ्या पिकअप या तालुक्यात किती असतील ते मोजत बसा.

शेठचं म्हणणं एकच, "सगळे आठ मेगापिक्सलचे लावा, क्लिअर दिसलं पाहिजे, पैशाचं बघू." असं कुणी म्हटलं की दुकानदार खूश होतो, पण मी म्हटलं शेठ थांबा, आधी मला हे सांगा की कुठल्या कॅमेऱ्यानं कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मग दोघांनी बसून एका काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या पावतीच्या, पाठीमागे लिहिलं. गेटला गाडीचा नंबर, दिवसा आणि रात्रीही. काट्यावर डिस्प्लेचा आकडा आणि त्या वेळी काट्यावर कुठली गाडी होती ते. लोडिंगला गोण्या मोजता आल्या पाहिजेत. चाळीकडे रात्री कुणी आलं का एवढंच. ऑफिसात पैसे देणाऱ्या-घेणाऱ्याचा चेहरा. पाच जागा, पाच वेगळे प्रश्न, त्यामुळे एकच मॉडेल आठ ठिकाणी ठोकून चालणार नाही हे तिथंच शेठला पटलं. निदान तोंडावर तरी पटलं.

शेठला अजून एक कॅमेरा हवा होता, कांदा निवडणाऱ्या बायका जिथं डबा खायला बसतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये. नाही म्हटलं. तिथं त्या बसतात, लेकरांना पाजतात, तिथं कॅमेरा कशाला. थोडी कुरकुर झाली, मग विषय संपला.

८ ऑक्टोबर

टेप घेऊन मापं घेतली. गेट २० फूट रुंद. आत वॉचमनच्या खोलीमागं एक लोखंडी खांब आहे, गेटपासून साधारण ५० फुटांवर, म्हणजे १५ मीटर. तिथंच कॅमेरा सोयीचा पडतो.

आता हिशोब, कारण सगळी निवड यावरच आहे. लेन्स २.८ असेल तर चार मेगापिक्सलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याला साधारण १०० अंश दिसतं, १५ मीटरवर ते चित्र जवळपास ३५ मीटर रुंद होतं. कॅमेऱ्याकडं आडवे पिक्सल २५६०. म्हणजे एका मीटरला सत्तर-बहात्तर पिक्सल. नंबरप्लेटवरचं अक्षर नियमाप्रमाणं ६५ मिलिमीटर उंच असतं, त्याच्या वाट्याला पाच पिक्सलसुद्धा येत नाहीत. पाच पिक्सलमध्ये ८ आणि बी आणि ३ सगळे सारखेच. बरं शेठचा आठ मेगापिक्सलवाला लावला तर? आडवे पिक्सल ३८४०, अक्षराला सात. तरी वाचता येत नाही. आणि तोच कॅमेरा चारचाच ठेवून लेन्स १२ एमएमवर नेली तर दृश्य सात मीटरभर रुंद, मीटरला साडेतीनशे पिक्सल, अक्षराला वीस-बावीस. झालं काम. गेट सहा मीटर, दृश्य सात मीटर, जणू गेटासाठीच केलंय.

अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर मीटरला २५० पिक्सल, ओळखीचा माणूस ओळखायचा तर १२५, नुसतं कुणी आहे का बघायचं तर २५ पुरतात, हे आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६२६७६ मालिकेतल्या चौथ्या भागात दिलेलं आहे. मी दुकानाच्या भिंतीवर लिहूनच ठेवलंय, गिऱ्हाईक मेगापिक्सल म्हणालं की बोट दाखवतो.

१२ ऑक्टोबर

कागदावरचा हिशोब रात्री उपयोगाचा नसतो, म्हणून डेमोला दोन कॅमेरे घेऊन संध्याकाळी गेलो. एक आठ मेगापिक्सलचा २.८ फिक्स, एक चार मेगापिक्सलचा मोटराइज्ड व्हेरिफोकल, म्हणजे लेन्स मोटरनं २.८ ते १२ एमएम कमी-जास्त होणारा. शिडीला बांधले, लॅपटॉप वॉचमनच्या खाटेवर. शेठची स्वतःची पिकअप गेटातून आत-बाहेर करायला सांगितली.

दिवस मावळायच्या आत दोन्ही झकास. आठवाला तर इतका सुंदर दिसत होता की शेठ म्हणाले हाच घ्या ना. सात वाजले, अंधार पडला आणि आठवाल्यानं मान टाकली. सेन्सर तेवढाच आणि त्यात दुप्पट पिक्सल कोंबलेले, एकेकाच्या वाट्याला उजेड कमी, मग कॅमेरा शटर लांबवतो म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवतो, गेन वाढवतो म्हणजे चित्र आतल्या आत उजळवतो, आणि माणूस चालला की मागं भुतासारखी शेपटी. मोठ्या सेन्सरचा आठ मेगापिक्सल मिळतो, १/१.८ इंचाचा, पण त्याची किंमत ऐकून शेठ परत चारवर आले.

चारवाला १२ एमएमवर होता, पण तोसुद्धा आपोआप शटरवर फेल. हेडलाइट समोर आले की सगळं पांढरं, गाडी वळली की नंबर आडवा फाटलेला. कारण सोपं आहे. गाडी ताशी १० किलोमीटरनं चालली तरी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते, शटर १/२५ असेल तर एका फोटोच्या वेळेत ती अकरा सेंटीमीटर सरकते, अन् अक्षर साडेसहा सेंटीमीटरचं. सरळ कॅमेऱ्याकडं येणाऱ्या गाडीला एवढा फरक पडत नाही पण इथं गेटातून आत आलं की लगेच काट्याकडं वळण आहे. शटर १/५०० केलं, गेन खाली ओढला, भगभगीत उजेड दाबणारं हायलाइट कॉम्पेन्सेशन चालू केलं. स्क्रीन काळीकुट्ट.

शेठ : "हा तर बंद पडला की हो."

म्हटलं गाडी आणा. गाडी आली आणि त्या काळ्या चित्रात फक्त नंबरप्लेट चमकत आली, अक्षरं कोरल्यासारखी. गाडी दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाही, नुसता नंबर तरंगत येतो. प्लेटचा कागद उजेड आला तिकडंच परत पाठवणारा असतो, कॅमेऱ्याची आयआर, म्हणजे डोळ्याला न दिसणारी इन्फ्रारेड लाइट, लेन्सच्या शेजारीच असते, म्हणून त्याला प्लेट दिसते आणि बाकी काही नाही. वॉचमनकाका खाटेवरून उठून बघायला आले.

पण म्हणजेच गेटला एक कॅमेरा पुरत नाही. एक नंबरसाठी, काळा. एक गाडी आणि माणूस बघण्यासाठी, साधा ४ एमएम. दोन्हींची वेळ सेकंदाला सेकंद जुळली पाहिजे. आठाचे नऊ कॅमेरे झाले.

१५ ऑक्टोबर

माल आणायला नाशिकला. यंदा ९ एप्रिलपासून सीसीटीव्हीला नवे सुरक्षा नियम लागू झालेत, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीसाठी आता नुसती इलेक्ट्रिकल सेफ्टी नाही तर कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर, पासवर्ड, एन्क्रिप्शन यांची तपासणीही पास व्हावी लागते. त्यामुळे मार्केटमध्ये काही मॉडेल गायब, काहींचे भाव वर. एका होलसेलरनं जुना स्टॉक जवळपास निम्म्या भावात देतो म्हटलं, फक्त बिलावर मॉडेल नंबर येणार नाही. निम्मा भाव ऐकून सोबतच्या भाच्याचे डोळे चमकले, पण ज्या मालाला बिलावर नाव नाही त्याला वॉरंटीत कोण विचारणार, आणि उद्या फुटेज कोर्टात गेलं तर तिथं हा कॅमेरा कुठला म्हणून विचारतीलच. सोडून दिलं. बॉक्सवरचा आर नंबर, म्हणजे बीआयएसचा नोंदणी नंबर, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघायचा, दोन मिनिटं लागतात.

घेतलं ते : चार मेगापिक्सल बुलेट ४ एमएम सात, नग ३,४००. मोटराइज्ड व्हेरिफोकल दोन, नग ९,८००. सोळा चॅनल एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र, ९,५००. आठ टीबी सर्व्हेलन्स हार्डडिस्क १९,५००. कॉम्प्युटरची साधी डिस्क स्वस्त मिळते पण ती चोवीस तास लिहायला बनवलेली नसते, त्यावर भांडण नको.

घुमटासारखा डोम कॅमेरा एकही घेतला नाही. खळ्यावर कांद्याची सालपटं आणि माती कायम उडत असते, डोमच्या काचेवर थर बसला की रात्री आयआर त्या थरावरूनच परत येते आणि चित्र दुधाळ होतं. ऑफिसात चालला असता, पण एकच प्रकार ठेवला की एक स्पेअर सगळीकडं चालतो.

१९ ऑक्टोबर

दिवाळीसाठी बाजार समितीचे लिलाव बंद, खळं रिकामं, वायरिंगला याच्यासारखी वेळ नाही. गेट ऑफिसपासून १३० मीटर, लॅन केबलची हद्द १००. मध्ये स्विच ठेवायला जागा नाही, म्हणून गेटपर्यंत फायबर टाकली आणि तिथं चार पोर्टचा पीओई स्विच, म्हणजे लॅन केबलीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारा, पेटीत बसवला. फायबरचा एक फायदा लोक विसरतात, तिच्यातून वीज येत नाही. खळं उघड्या माळावर आहे, लोखंडी खांबावर वीज पडली तर तांब्याच्या केबलीतून ती थेट एनव्हीआरपर्यंत येते.

स्प्लायसिंगला, म्हणजे फायबर जोडायला, गावातला केबलवाला पोरगा सांगितला होता, त्यानं दिवाळीनंतर म्हणून आमचा दिवस घालवला, मग येवल्याहून दुसरा आणला, त्यानं सणाचा रेट लावला. फायबर, कन्व्हर्टर, स्प्लायसिंग मिळून ६,००० गेले.

केबल वरून न्यायची नाही हे ठरलेलंच होतं. भरलेली ट्रॉली वर ताडपत्री बांधून आली की चौदा-पंधरा फुटांची वायर सहज ओढून नेते. सगळं एचडीपीई प्लॅस्टिकच्या पाईपातून जमिनीखालून, आणि चाळीच्या बाजूला पाईपाची तोंडं फोमनं बंद, उंदीर तिथं मुक्कामाला असतात.

२४ ऑक्टोबर

चाळीकडच्या दोन कॅमेऱ्यांना आधीच्या माणसानं टाकलेली लॅन केबल होती, पाईपासकट, टेस्टरवर आठही वायरी हिरव्या दाखवत होत्या, म्हणून ती तशीच वापरली. दुपारी कॅमेरे लावले, चित्र मस्त, शेठना मोबाईलवर दाखवलं, पेढे खाल्ले, घरी आलो.

२७ ऑक्टोबर

रोज संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास चाळीचा एक कॅमेरा जातो, येतो, जातो, येतो. रात्रभर हेच. सकाळी उजाडलं की शहाण्यासारखा चालू. एनव्हीआरच्या लॉगमध्ये मिनिटा-मिनिटाला "व्हिडिओ लॉस".

आधी कॅमेरा बदलला. तेच. मग स्विचचा पोर्ट बदलला, तेच. फर्मवेअर अपडेट केलं, त्यात अर्धी दुपार गेली, तेच. शेवटी तोच कॅमेरा खाली उतरवून ऑफिसात स्विचला मीटरभराच्या नवीन वायरीनं जोडला, लेन्सवर हात ठेवून अंधार केला, आयआर लागली आणि चालूच राहिला. म्हणजे कॅमेरा चांगला, वायर खराब. दिवसा कॅमेरा तीन-चार वॅट खातो, आयआर लागली की दुप्पट, आणि तेवढा करंट ती केबल देऊ शकत नाही, व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होतो, परत चालू होतो, परत अंधार दिसतो, परत आयआर लावतो. ते चक्र सकाळपर्यंत.

केबल ओढून काढली तर मध्ये दोन जॉइंट, नुसत्या पिळलेल्या वायरी आणि वर काळी टेप, एका जॉइंटमध्ये पाणी शिरून आत काळंनिळं झालेलं. आणि वायर ब्लेडनं खरवडली तर तांब्याचा नुसता मुलामा, आत चंदेरी. सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांबं चढवलेलं. टेस्टर फक्त वायर जोडलेली आहे का ते सांगतो, ती किती भार सोसेल ते नाही सांगत. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स, ३०५ मीटरचा बॉक्स १०,५०० ला आणला. सीसीएचा बॉक्स निम्म्यात मिळतो, हातात वजन घेतलं तरी कळतं. आता सरळ नियम, जुनी केबल दिसली की आधी खरवडायची, आणि टेस्टिंग सूर्य मावळल्यावर, आयआर लागलेली असताना.

३१ ऑक्टोबर

काट्याचं काम. मला वाटत होतं सोपं आहे, डिस्प्ले जागचा हलत नाही, आकडे मोठे, लाल, चमकणारे. दुसरा व्हेरिफोकल डिस्प्लेवर रोखला आणि गेटवरचीच सेटिंग टाकली, शटर १/५००, कारण तिथं ती छान चालली होती. आकडे अर्धवट. कधी ८ चा ३ दिसतो, कधी चार आकड्यांतला एक गायबच. शेठ घाबरले, काटा बिघडला म्हणून काट्याच्या मेकॅनिकला फोन लावायला निघाले.

काटा ठणठणीत होता. असले एलईडी डिस्प्ले सगळे आकडे एकदम पेटवत नाहीत, एकामागून एक भराभर पेटवतात, डोळ्याला सगळे एकत्र दिसतात पण १/५०० च्या शटरला एखादाच सापडतो. शटर १/२५ केलं, सगळे आकडे आले. गेन कमी केला, लाल फुगवटा गेला. म्हणजे एकाच खळ्यावर एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे आणि दोघांची सेटिंग बरोब्बर उलटी. एकाची सेटिंग दुसऱ्यात कॉपी करायचं बटण एनव्हीआरमध्ये असतं, त्याला हात लावायचा नाही.

दुपारी चारनंतर ऊन थेट डिस्प्लेच्या काचेवर. आकडेच दिसेनात. कॅमेऱ्यात काही करून उपयोग नव्हता, डिस्प्लेवर दीड फुटाचा पत्र्याचा छज्जा ठोकला, वेल्डरचे ४०० रुपये. शेतकरीही म्हणाले बरं झालं, आम्हालाही आता आकडा दिसतो.

आणि कॅमेऱ्यात फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झ आहे का ते बघा. एक कॅमेरा ६० वर आला होता, ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे वरखाली फिरत होते.

६ नोव्हेंबर

गेटचा नंबरवाला कॅमेरा रात्री धूसर. शिडी लावून वर गेलो तर लेन्ससमोर कोळ्याचं जाळं, त्यात चिलटं, आणि मधोमध मालक बसलेला. आयआर माणसाला दिसत नाही पण किडे तिच्याभोवती जमतात आणि जिथं किडे तिथं कोळी. झाडून काढलं, तिसऱ्या दिवशी परत हजर. उपाय म्हणून कॅमेऱ्याची स्वतःची आयआर बंद केली आणि वेगळा आयआर लाइट घेतला, २,४०० चा, तो कॅमेऱ्यापासून दोन-अडीच फूट बाजूला बसवला. फार लांब बसवला असता तर प्लेटवरचा उजेड कॅमेऱ्याकडं परत आला नसता, म्हणून अंतर थोडं-थोडं सरकवत रात्री बघितलं. कोळी आता त्या लाइटवर राहायला गेला, त्याला काही म्हणणं नाही.

मोशन अलार्मचं तर विचारू नका. वारा सुटला की सालपटं उडतात, लेन्ससमोरून गेली की अलार्म, रात्री शेठचा मोबाईल सतत वाजतोय, मग त्यांनी नोटिफिकेशनच बंद करून टाकले, म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं. माणूस आणि गाडी ओळखणारं सेटिंग लावलं, ते फक्त चाळीच्या दोन कॅमेऱ्यांना आणि फक्त रात्री दहा ते पाच. आता कधीतरीच वाजतो, आणि वाजला की शेठ बघतात.

११ नोव्हेंबर

डिस्क किती दिवस पुरते त्याचा हिशोब. ४ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट लिहिणारा, एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, नऊ कॅमेरे म्हणजे रोजचे ३८९ जीबी, आठ टीबी तीन आठवड्यांत संपते. शेठना महिना हवाय, पट्टीवरून वाद येतो तो बहुतेक पंधरा दिवसांत येतो पण बाहेरगावचा माल पोचून तक्रार यायला वेळ लागतो. व्हिडिओ जास्त दाबून लहान करणारं एच.२६५ सेटिंग केलं, लोडिंग आणि गेट ३ एमबीपीएसवर ठेवले, चाळ आणि ऑफिस दीडवर, डिस्प्लेवाल्याला एकच पुरतो, तिथं हलतंय काय. आता महिन्याच्या पुढं जातंय.

सगळ्यांचं एकदम कमी करू नका. लोडिंगला आधी २ वर ठेवून बघितलं, दिवसा ठीक, रात्री हमाल गोण्या टाकायला लागले की चित्राचे चौकोन आणि दोन गोण्यांची एक गोणी. मोजायचं होतं तेच मोजता येईना. लोडिंगचा दुसरा कॅमेरा वरून खाली बघणारा केला, गाडीच्या मागच्या फाळक्यावर, तिथून प्रत्येक गोणी एकेकटी जाताना दिसते.

१६ नोव्हेंबर

नवा लाल कांदा यायला लागला, गाड्यांची वर्दळ वाढली, नंबरची खरी परीक्षा आत्ता. नव्या हाय सिक्युरिटी प्लेटच्या गाड्या रात्रीसुद्धा एका झटक्यात वाचता येतात. २०१९ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांना त्या कंपनीकडूनच आहेत, जुन्यांना आता लावणं चाललंय, त्यामुळे दिवसेंदिवस काम सोपं होत जाईल. त्रास कुणाचा ते लिहितो. हातानं रंगवलेल्या जुन्या पिवळ्या प्लेटा, त्या उजेड परत पाठवत नाहीत, १/५०० ला काळ्याच राहतात. काही काळे स्टिकर आयआरमध्ये फिके पडतात, प्लेट दिसते, अक्षरं नाहीत. ट्रॉलीला मागं बऱ्याचदा नंबरच नसतो, ट्रॅक्टरचा पुढचा वाचायचा. पिकअपचा मागचा फाळका उघडा ठेवून माल भरला की मागची प्लेट फाळक्याखाली.

यावर मध्यम मार्ग काढला. शटर १/५०० वरून १/२५० केलं, गाड्या गेटात हळूच असतात, पुसटपणा सेंटीमीटरभर, आणि अक्षराच्या रेघेची जाडीही नियमानं १० मिलिमीटरच, म्हणजे काठावर पास. आणि गेटच्या आत एक गतिरोधक घालायला लावला, कॅमेऱ्याच्या फोकसच्या बरोबर जागी. मुरमाचा उंचवटा, खर्च जवळजवळ शून्य, आणि सगळ्या सेटिंगपेक्षा फरक त्यानं जास्त पडला. ट्रकच्या दोन्ही अंगाला नंबर रंगवलेला असतो, तो काट्यावरच्या साध्या कॅमेऱ्यात उजेडाखाली वाचता येतो, त्यासाठी काट्यावर एक ५० वॅटचा एलईडी फ्लड लावला. सगळं मिळून आता रात्रीच्या दहातल्या आठ-नऊ गाड्यांचा नंबर लागतो. दहाही लागतील असं कुणी सांगत असेल तर त्याला रात्री खळ्यावर बोलवा.

२३ नोव्हेंबर

वेळ. जुन्या डीव्हीआरचं (आधीच्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं) घड्याळ सतरा मिनिटं मागं होतं आणि कुणाच्या लक्षातही नव्हतं. काटापट्टीवर कॉम्प्युटरची वेळ छापून येते, फुटेजवर डीव्हीआरची, दोन्ही जुळत नसतील तर समोरचा म्हणणारच की ही माझी गाडीच नाही. एनव्हीआर आणि काट्याचा कॉम्प्युटर दोन्ही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरला लावले, कॅमेरे एनव्हीआरकडून वेळ घेतात.

फुटेज कोर्टात टिकायचं तर नुसता पेनड्राइव्ह देऊन भागत नाही. जालन्याच्या अर्जुन खोतकरांच्या निवडणुकीचा खटला आठवत असेल, अर्ज वेळेत भरला का ते निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या रेकॉर्डिंगवर अडलं होतं, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टापुढं आणत नसाल तर प्रमाणपत्र लागणारच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५ ब होतं, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३, त्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा, लिहावी लागते. शेठच्या मुनीमाला क्लिप काढून तिची एसएचए-२५६ पद्धतीची हॅश काढायला शिकवलं, वहीत तारीख, कॅमेरा, हॅश, सही. कंटाळा करतो तो, पण करतो.

पासवर्ड सगळे बदलले. आधी एनव्हीआर-बिनव्हीआरला सगळीकडं अ‍ॅडमिन आणि एक ते सहा असायचं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच फॅक्टरी पासवर्डवाले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. राउटरमध्ये बाहेरून आत यायच्या वाटा बंद, म्हणजे यूपीएनपी बंद, पोर्ट फॉरवर्डिंग नाही, आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं.

लाइट गेल्यावरचं. नऊ कॅमेरे, दोन स्विच, एनव्हीआर, आयआर मिळून रात्री शंभर वॅटच्या आसपास. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस यावर अर्धा तास काढेल की नाही शंका, म्हणून ऑफिसच्या १५० एएचच्या इन्व्हर्टरवर सगळं घेतलं आणि त्यावरचे दोन पंखे काढले. पंख्यावरून मुनीम नाराज, पण थंडीच आहे आता.

३० नोव्हेंबर

हिशोब. कॅमेरे ४३,४००, एनव्हीआर आणि डिस्क २९,०००, दोन पीओई स्विच ६,८००, फायबर ६,०००, केबल १०,५००, आयआर लाइट २,४००, खांब-पाईप-पेट्या ९,०००, अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर ३,५००. मजुरी २२,०००. एकूण १,३२,६००, वर १८ टक्के जीएसटी. छज्जा आणि फ्लड शेठनी परस्पर दिले. कोटेशन १,१५,००० चं दिलं होतं. केबलचे पैसे शेठनी दिले, उरलेले सात हजार मजुरीतून गेले, त्यावर चहा घेऊन विषय मिटवला. पुढच्या कोटेशनला दोन ओळी वाढवल्यात, "जुनी केबल वापरली जाणार नाही" आणि "रात्रीच्या चाचणीसाठी दोन संध्याकाळ".

राहिलेलं एक काम. गेटच्या कॅमेऱ्याची काच दर रविवारी कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, वॉचमनकाकांना शिडी दिली आहे. परवा त्यांनी उपरण्यानं पुसली, त्याला तेल होतं, रात्री प्रत्येक हेडलाइटला मोरपिसारा फुटला. मायक्रोफायबरचं फडकं खिळ्याला टांगून ठेवलंय, पेटीच्या आत, चावीसकट.